कानपूरच्या पुढची गंगा

बिठूर मराठी माणसाला नव्याने सांगावं लागत नाही. 1818मध्ये राज्य गेलं आणि दुसऱ्या बाजीरावांना सालीना आठ लाखांच्या तनख्यावर गंगेकाठी तिथे नेऊन ठेवण्यात आलं. नानासाहेब तिथेच वाढले आणि झाशीच्या राणीचं लहानपणही तिथल्याच घाटांवर गेलं. काशीयात्रेला निघालेली आपली मंडळी आजही वाट वाकडी करून बिठूरला जातात, ब्रह्मावर्त घाटावर हात जोडतात आणि प्रयागची गाडी धरतात. त्याच गंगेच्या त्याच उजव्या काठाने तीसेक किलोमीटर पुढे गेलं, कानपूर शहर ओलांडलं, की जाजमऊ लागतं. तिथे यात्रेकरू जात नाहीत, कारण पाहण्यासारखं काही नाही आणि वास सोसवत नाही. मला तुमचं लक्ष तिथे न्यायचं आहे. लक्षच नव्हे, तुमचा थोडा वेळ, तुमच्या सहीचं एक पत्र आणि पुढच्या खरेदीच्या वेळी दुकानदाराला विचारलेला एक प्रश्नही हवा आहे.

जाजमऊ म्हणजे कातडी कमावण्याच्या कारखान्यांची, टॅनऱ्यांची वस्ती. 1857नंतर इंग्रजांनी लष्करासाठी कानपुरात खोगीर-लगामांचा सरकारी कारखाना काढला, त्यामागून बुटांचे कारखाने आले आणि शहराला कातड्याची ओळख चिकटली. ऐन भरात इथे चारशेच्या आसपास टॅनऱ्या होत्या. आज त्यातल्या बऱ्याच बंद आहेत. इथली खोगिरं, पट्टे आणि कामगारांचे पोलादी टोकाचे बूट जगभर जातात.

सगळा घोळ जिथे आहे ती कृती आधी समजून घेऊ. मिठात मुरवून आलेलं कच्चं कातडं पाण्यात भिजवतात, चुना आणि सोडियम सल्फाइड वापरून केस काढतात, चिकटलेलं मांस खरवडतात, आम्लात घालतात. मग मोठ्या लाकडी ड्रममध्ये क्रोमियमच्या क्षाराबरोबर ते फिरवत ठेवतात. दिवसभरात कातडं कमावून बाहेर येतं, फिकट निळं. झाडाची साल आणि हिरडा वापरून हेच काम व्हायला कित्येक आठवडे लागत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ही क्रोमची रीत निघाली आणि तिने जग जिंकलं. आज जगातलं ऐंशी टक्क्यांहून अधिक कातडं असंच कमावतात. ते मऊ असतं, उष्णतेला टिकतं आणि झटपट होतं. तुमच्या पायातला चामड्याचा बूट बहुधा याच वाटेने आला आहे. माझाही.

एक टन कच्च्या कातड्याला 30 ते 40 हजार लिटर पाणी लागतं. ड्रममध्ये टाकलेल्या क्रोमियमपैकी साधारण 60 ते 70 टक्के कातडं शोषून घेतं. बाकीचं पाण्याबरोबर बाहेर पडतं. एरवीच्या घाणीचं एक बरं असतं, ती कुजते आणि कालांतराने माती होते. क्रोमियम हा धातू आहे, तो कुजत नाही. पाण्यातून काढला तर गाळात बसतो, गाळातून पाझरला तर जमिनीत उतरतो. टॅनरीत वापरतात त्या रूपातलं, म्हणजे त्रिसंयुजी क्रोमियम त्या मानाने सौम्य असतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण मातीतल्या मँगनीजसारख्या द्रव्यांच्या संगतीत त्याचा काही भाग षट्‌संयुजी होऊ शकतो. ते रूप पाण्यात सहज विरघळतं, कातडीवर व्रण उठवतं आणि कर्करोगकारक म्हणून त्याची नोंद आहे. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे. नदीत सोडायच्या सांडपाण्यात कायदा 2 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतो, म्हणजे चाळीस पट. नदीत भरपूर पाणी आहे, ते सगळं सामावून घेईल, असा हा हिशेब.

भरपूर पाणी कुठून येणार? हरिद्वारला कालवा निघतो, बिजनौरला निघतो, नरोऱ्याला निघतो. उन्हाळ्यात कानपूरला पोहोचते ती उरलीसुरली गंगा. आयआयटी कानपूरमध्ये शिकवलेले आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पहिले सदस्य-सचिव राहिलेले जी. डी. अगरवाल म्हातारपणी संन्यास घेऊन गंगेच्या प्रवाहासाठी उपोषणाला बसले. 111 दिवसांच्या उपोषणानंतर 11 ऑक्टोबर 2018 रोजी ते गेले. त्यांचा झगडा मुख्यतः वरच्या अंगाच्या धरणांशी होता, पण वरून पाणी आलं नाही तर खाली विष दाट होतं, हे कानपुरात राहिलेल्या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता जाजमऊच्या खालची गावं. शेखपूर, मोतीपूर, जाना, प्योंदी. 1994मध्ये डच सरकारच्या मदतीने जाजमऊला दिवसाला 3 कोटी 60 लाख लिटर सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प सुरू झाला. त्यात एक भाग टॅनऱ्यांचं पाणी आणि तीन भाग शहराचा मैला. शुद्ध केलेलं पाणी गंगेत न सोडता कालव्याने या गावांच्या शेतांना द्यायचं ठरलं. कागदावर कल्पना देखणी होती: नदी वाचेल आणि शेतीला खतयुक्त पाणी फुकट मिळेल. पण त्या प्रकल्पात काम करतात ते जिवाणू. ते सेंद्रिय घाण खातात, क्रोमियम खात नाहीत. शिवाय टॅनऱ्यांचं पाणी ठरलेल्या 90 लाख लिटरवर कधी थांबलं नाही. क्रोमियम प्रत्येक कारखान्याने आपल्या दारातच वेगळं काढायचं अशी अट होती. ती किती पाळली गेली, ते कालव्याच्या पाण्याने दाखवून दिलं. या भागात गुलाबाची शेती होती. ती गेली. लोकांच्या हातापायांवर फोड आले, हापशाचं पाणी पिवळं येऊ लागलं. माती आणि भाजीपाल्यात क्रोमियम सापडल्याचं अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा नोंदवलं. गंगेच्या शुद्धीकरणाचा खर्च सरकारने केला आणि त्याची किंमत या गावांनी मोजली.

म्हणून ‘गंगा वाचवा’ म्हणताना मला फक्त पात्रातलं पाणी म्हणायचं नाही. आपल्या देवघरातल्या गडूत क्रोमियम आहे असं सांगून मी कुणाला घाबरवणार नाही. पुढे प्रयागला यमुना मिळते, पाणी वाढतं. गडू सीलबंद आणून गंगापूजन करणाऱ्या, मावंदं घालणाऱ्या घरांना मला एवढंच म्हणायचं आहे की ज्या नदीचं पाणी आपण पूजेला मांडतो, तिच्या काठच्या बाईला हापशावर कोणतं पाणी मिळतं ते विचारणं हाही त्या पूजेचा भाग धरावा.

जाजमऊच्या पश्चिमेला, कानपूर देहात जिल्ह्यात रनियाजवळ खानचांदपूर आहे. तिथली कथा याहून वाईट, आणि तिच्याबद्दल बोललं जातं याहून कमी. टॅनरीला लागणारा क्रोमियम क्षार क्रोमाइट खनिजापासून तयार करतात. देशातलं जवळपास सगळं क्रोमाइट ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यातून येतं. खनिज भट्टीत भाजलं की आधी षट्‌संयुजी रूपच बनतं, आणि मागे उरलेल्या चोथ्यात ते राहून जातं. हा चोथा 1976पासून उघड्यावर टाकला गेला. दर पावसाळ्यात तो धुपत राहिला, भूजलात उतरत राहिला. राष्ट्रीय हरित लवादाने 2019मध्ये उत्तर प्रदेश सरकारला 10 कोटींचा आणि 22 उद्योगांना मिळून 280 कोटींचा दंड सुनावला. 1976 ते 2019! त्या ढिगाशेजारी जन्मलेलं मूल दंडाच्या दिवशी त्रेचाळीस वर्षांचं झालेलं होतं.

न्यायालयं झोपली होती असंही म्हणता येत नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 1987 रोजी जाजमऊच्या टॅनऱ्यांविषयी निकाल दिला. प्राथमिक शुद्धीकरणाची सोय नसेल तर कारखाना बंद. खर्च परवडत नाही ही सबब न्यायालयाने मानली नाही: किमान वेतन न परवडणाऱ्या उद्योगाला जसा चालण्याचा हक्क नाही, तसाच पाणी शुद्ध करणं न परवडणाऱ्या टॅनरीलाही नाही, असा त्याचा आशय होता. 1996मध्ये तमिळनाडूच्या वेल्लोर भागातल्या टॅनऱ्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने ‘प्रदूषण करील तो भरपाई देईल’ हे तत्त्व देशाच्या कायद्यात रुजवलं. त्याच भागातल्या राणीपेटला 31 जानेवारी 2015 रोजी मध्यरात्रीनंतर सांडपाणी प्रकल्पाच्या गाळाच्या टाकीची भिंत फुटली आणि शेजारच्या टॅनरीत झोपलेले दहा कामगार त्या गाळात गाडले गेले. निकाल लागून अठरा वर्षं उलटली होती. आपल्या देशात निकालांची वाण नाही. निकालानंतर रोज सकाळी कारखान्याच्या नाल्याशी बाटली घेऊन उभं राहणाऱ्या माणसाची वाण आहे.

त्याऐवजी आपण काय करतो? कुंभ आला की टॅनऱ्या बंद करतो. शाही स्नानाच्या आधी काही दिवस बंद, नंतर चालू. 2019च्या कुंभाच्या वेळी तर हा बंद महिनोन्‌महिने चालला. ऑर्डरी दुसरीकडे गेल्या, रोजंदारीवरची माणसं घरी बसली, काही मालकांनी कोलकात्याजवळच्या बंतलाची वाट धरली. भाविकांना त्या दिवसांपुरतं बरं पाणी मिळालं असेल. खानचांदपूरच्या जमिनीतलं क्रोमियम मात्र पर्वणीसाठी थांबलं नाही. 2027च्या सिंहस्थासाठी नाशिकला गोदावरीच्या शुद्धीच्या घोषणा होत आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. पर्वणीपुरती नदी धुण्याची सवय आपल्यालाही आहे.

दुसरा सोपा उपाय, कारखाने उचलून लांब नेऊन टाका. ढाक्याने तेच केलं. 2017मध्ये हजारीबागच्या टॅनऱ्या सावरला हलवल्या, आणि बुडीगंगेचं दुखणं धलेश्वरी नदीला लागलं. पाणी शुद्ध करणारी यंत्रणा आधी उभी न करता केलेलं स्थलांतर म्हणजे नुसता पत्ता बदलणं.

आणि एक तिसरं, जे छापायला लोक कचरतात. जाजमऊचे कारखानदार बहुतांशी मुसलमान आहेत, कामगार दलित आणि मुसलमान. त्यामुळे गंगेच्या प्रदूषणाची चर्चा कातड्यावर आली की काहींचा आवाज आपोआप चढतो. ज्यांना माणसं हटवायची आहेत त्यांना नदीचं निमित्त पुरतं. कानपुरातून गंगेत जाणाऱ्या घाणीत आकारमानाने सगळ्यात मोठा वाटा शहराच्या मैल्याचा होता. एकट्या सीसामऊ नाल्यातून रोज 14 कोटी लिटर मैला पडत होता. म्हणजे सगळ्या जातिधर्मांचा. टॅनऱ्यांचा वाटा प्रमाणाने लहान, पण विषाने जड. हा फरक डोक्यात ठेवला नाही तर मागणी चुकते. मी टॅनऱ्या बंद करा म्हणत नाही. त्या ड्रमजवळ अनवाणी, हातमोज्यांशिवाय उभा राहणारा कामगार हा या विषाचा पहिला बळी आहे. त्याची रोजी काढून घेऊन नदी वाचवल्याचं समाधान मला नको.

करता येण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते फारसं अवघडही नाही. सीसामऊ नाला काही वर्षांपूर्वी गंगेपासून वळवला गेला; मनावर घेतलं तर सरकारला जमतं. क्रोमियमचंही तसंच. ड्रममधून निघालेलं निळं-हिरवं पाणी बाकीच्या पाण्यात मिसळू द्यायचं नाही, वेगळ्या टाकीत घ्यायचं. त्यात मॅग्नेशियम ऑक्साइड घातलं की क्रोमियम तळाशी बसतं. तो साका गंधकाम्लात विरघळवला की पुन्हा कातडं कमवायला तयार. हे कानपुरातच 1990च्या दशकात करून दाखवलं गेलं आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने तर क्रोम मुरवण्याच्या टप्प्यात पाणीच लागू नये अशी पद्धत काढली, जिच्यात क्रोमियमही कमी लागतं. नमामि गंगे योजनेत टॅनऱ्यांसाठी स्वतंत्र, दिवसाला 2 कोटी लिटरचा प्रकल्पही हाती घेतला गेला. मग अडतं कुठे? छोट्या टॅनरीला यंत्र बसवायचा खर्च आहे, ते चालवायला वीज आणि माणूस लागतो, आणि ते न चालवल्याने गिऱ्हाईक तुटत नाही.

शेवटचं कारण माझ्या मते सगळ्यात मोठं. 1990च्या आसपास जर्मनीने कातड्यात वापरल्या जाणाऱ्या पेंटाक्लोरोफिनॉल या बुरशीनाशकावर बंदी घातली, पुढे काही अझो रंगांवर घातली. आपल्या टॅनऱ्यांनी काही वर्षांत दोन्ही सोडली. न्यायालय लागलं नाही, मोर्चा लागला नाही. युरोपात 2015पासून अंगाला लागणाऱ्या कातडी वस्तूत षट्‌संयुजी क्रोमियम किलोला 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, आणि कानपूरचा निर्यातदार प्रयोगशाळेचा दाखला जोडून माल पाठवतो. युरोपातल्या पायाची काळजी घेता येते, कारण तो पाय घेऊन येणारं गिऱ्हाईक विचारतं. शेखपूरच्या विहिरीबद्दल ते गिऱ्हाईक फारसं विचारत नाही. आणि आपण तर काहीच विचारत नाही.

आपण म्हणजे महाराष्ट्रही. धारावी एके काळी मुंबईच्या वेशीवरची कातडी कमावण्याचीच वस्ती होती. वांद्र्याच्या कत्तलखान्याची कातडी तिथे येत. त्या टॅनऱ्या आता बहुतेक गेल्या, पण धारावीत शिवल्या जाणाऱ्या पिशव्या, पाकिटं, जाकिटांचं कमावलेलं कातडं चेन्नई, कानपूर, कोलकात्याहून येतं. मुंबईच्या खाडीने सुटकेचा निःश्वास टाकला तो वेल्लोरकडच्या पालार नदीच्या आणि गंगेच्या जिवावर. सायन-वांद्रे रस्त्यावर भाव करताना आपण चामडं अस्सल आहे का, हे काडी लावून पाहतो. ते कुठे कमावलं आणि तिथलं पाणी कुठे गेलं, हे विचारायला काडीही लागत नाही.

आपल्याकडे दुसरी वाटही आहे, आणि तीही मरायला टेकली आहे. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. ढोर-कक्कय्या समाजाची ही पिढीजात विद्या. 2019मध्ये महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. 2025च्या जूनमध्ये प्राडाने तशीच चप्पल मिलानला झळकवली तेव्हा आपण श्रेयासाठी केवढे भांडलो. भांडलो ते बरंच झालं. पण ते कातडं कमावणाऱ्या हातांची चौकशी त्या गदारोळात फार थोड्यांनी केली. साल-हिरड्याचं सांडपाणी निर्मळ असतं असा दावा मी करत नाही. ते काळं असतं आणि नाल्यातला प्राणवायू खातं. पण ते कुजतं, संपतं. सगळं जग बाभळीवर चालणार नाही, अग्निशमन दलाच्या बुटाला तर नाहीच. चप्पल, पट्टा, पाकीट, वहीचं आवरण यांना मात्र ते पुरेसं आहे, आणि त्यासाठी दोन पैसे जास्त मोजायची आपल्यापैकी अनेकांची ऐपत आहे.

तेव्हा मागणं असं. चामड्याची वस्तू घेताना दुकानदाराला विचारा की कातडं कुठल्या टॅनरीचं आणि क्रोमचं की सालीचं. त्याला उत्तर माहीत नसेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की तो घाऊक व्यापाऱ्याला विचारील. त्याहून मोठं गिऱ्हाईक सरकार आहे: पोलिसांचे बूट, अग्निशमन जवानांचे बूट, वीज कंपन्यांच्या कामगारांचे बूट. या खरेदीच्या निविदेत एकच अट घालायला लावा: पुरवठादाराच्या टॅनरीत क्रोमियम परत मिळवण्याची यंत्रणा चालू असावी, आणि ती चालू असल्याचा पुरावा म्हणून तिचं वीजबिल व रसायनखरेदी तपासली जावी. बसवलेली यंत्रणा आणि चाललेली यंत्रणा यांतला फरक फक्त वीजबिलात दिसतो. कंपन्यांत खरेदी खात्यात काम करणाऱ्या वाचकांनी ही अट उद्यापासून घातली तरी चालेल, त्यांना विधिमंडळाची वाट पाहायची गरज नाही. अभियांत्रिकी आणि रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी एखाद्या वर्षीचा विद्यार्थी-प्रकल्प म्हणून तिथल्या हापशांचं पाणी तपासावं आणि आकडे गावकऱ्यांना हिंदीत लिहून द्यावेत. काशीयात्रा काढणाऱ्या मंडळांनी एक दिवस बिठूरसाठी ठेवलेलाच असतो, त्यातला अर्धा जाजमऊला द्यावा. भाविक तिथे उतरलेले दिसले तर स्थानिक अधिकाऱ्यांवर जो परिणाम होतो तो निवेदनाने होत नाही.

आणि पत्र. लोकसभेत आपले 48 खासदार आहेत. त्यातल्या तुमच्या खासदाराला मराठीतच लिहा की येत्या अधिवेशनात जलशक्ती आणि पर्यावरण मंत्र्यांना हे लेखी प्रश्न विचारावेत: जाजमऊच्या कालव्यावरच्या गावांत भूजलातल्या क्रोमियमची गेल्या वर्षातली महिनावार मोजणी काय, आणि ती जाहीर का केली जात नाही? या गावांतल्या किती घरांना दुसरीकडून नळाचं पाणी मिळतं? खानचांदपूरच्या चोथ्यापैकी किती टन उचलला आणि तो नेऊन कुठे ठेवला? लवादाने ठोठावलेल्या 280 कोटींपैकी किती वसूल झाले, आणि त्यातला किती पैसा त्या गावांवर खर्च झाला? लेखी प्रश्नाला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते सगळ्यांसाठी खुलं असतं. ते आलं की आपल्या गावच्या वर्तमानपत्राला पाठवा. उत्तरात ‘माहिती गोळा केली जात आहे’ असं असेल, तर पुढच्या अधिवेशनात तेच प्रश्न त्याच क्रमाने पुन्हा विचारायला लावा.